झमकूबाईंचा जबाब

फौजदारांनी पाटी झमकूबाईंपुढे सरकवली आणि वर पेन्सिल ठेवली. मौन असेल तर असो, म्हणाले, लिहायला काही हरकत नाही.

झमकूबाईंनी पाटीकडे पाहिलंही नाही. चार दिवस त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मंगळवारी मंजू घरात नाही म्हणून आरडाओरडा झाला, घेवरचंदांनी बायकोला दहादा विचारलं, आणि त्या गप्पच राहिल्या. नणंद झुंबरबाईंनी लगेच गल्लीत सांगून टाकलं की भाभींनी लेक सापडेपर्यंत मौन घेतलंय. मग काय, पारोळ्याची निम्मी बाजारपेठ दारात येऊन हात जोडून गेली. हे व्रत जैन स्थानकातल्या कोणत्या महाराजसाहेबांकडून घेतलं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

झमकूबाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि या वयात सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. खरं सांगावं तर मंजू परत आणली जाणार. राहता राहिलं तोंड मिटणं.

खरं एवढंच होतं, की मंजूला धुळ्याच्या एस्टीत त्यांनीच बसवून दिलं होतं. तिथल्या शिक्षिका व्हायच्या विद्यालयात तिचं नाव लागलं होतं, वसतिगृहात खाट मिळाली होती. इकडे घेवरचंदांनी तिची सोयरीक एका बिजवराशी पक्की केली होती. त्याची थोरली लेक मंजूहून दोनच वर्षांनी लहान होती.

फौजदारांची अडचण वेगळीच होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मंजूला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली होती.

"अठरा पूर्ण असतील तर ती तिच्या मर्जीची मालकीण, शेठ. आम्ही हात लावू शकत नाही. कमी असतील तर शोधून तुमच्या हवाली करतो."

घेवरचंद उसळून म्हणाले, दाखला खोटा आहे. मोठ्या भावाबरोबर एकाच वेळी शाळेत जाईल म्हणून त्यांनीच तिचं वय वर्षानं वाढवून लिहिलं होतं. मग खरी तारीख सांगा, म्हणताच मात्र शेठ अडखळले. मुलांच्या पत्रिका रेशमी कापडात बांधून कपाटात होत्या. मुलीची कुणी केलीच नव्हती, आणि ती जन्मली तेव्हा शेठ दुकानासाठी कापड आणायला मालेगावला गेलेले.

"तिच्या आईला ठाऊक आहे," ते म्हणाले.

झमकूबाईंना तिथी, वार, वेळ, सगळं पाठ होतं. अठराला अजून अकरा महिने होते. घेवरचंदांनी आधी हुकूम सोडला, मग आवाज खाली आणून विनवणी केली. नवऱ्याची त्यांना दया आली, अगदी मनापासून आली. पण त्यांनी पेन्सिल उचलली आणि जमिनीवर बाजूला ठेवून दिली.

"साहेब, बाईनं मौन शे," दारातला हवालदार झुलाल पुटपुटला. "आपले पाप लागी."

पापाचं माहीत नाही, पण बाईंवर सक्ती आपल्याला करता येत नाही, असं म्हणत फौजदारांनी आपले कागद गोळा केले आणि दाखला शेठच्या हातात परत दिला.

"माझ्यापुढे दाखलाच खरा. शेठ, त्यावर सही तुमचीच आहे."

ते गेल्यावर घरात दोघंच उरली.

"चार दिवस," घेवरचंद म्हणाले. "बापाला एक शब्द सांगू नये?"

"सोयरीक ठरवलीत तेव्हाही मी गप्पच होते." झमकूबाईंचा आवाज घोगरा झाला होता. "तेव्हा त्याला तुम्ही होकार म्हणालात."

घेवरचंदांनी दाखल्यावरची आपली सही पुन्हा पाहिली. रागवावं की रडावं, त्यांना ठरवता येईना. कुठे आहे, हे ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"दिवस मावळायच्या आत जेवायला मिळतं का तिला तिथे?"

"मिळतं," झमकूबाई म्हणाल्या. "तेवढं विचारूनच पाठवलंय."