गोजरबाईंच्या चपला

"चप्पल काढणार न्हाई मी. करंट लावायचा म्हणता, अन् चप्पल काहून काढायची?"

गोजरबाई माझ्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. पायांत रबरी चपला तशाच, साखरा गावच्या काळ्या मातीसकट. चादर मी सकाळीच धुऊन घातली होती. हिंगोलीत फिजिओथेरपीचा दवाखाना थाटून तेव्हा, २००५ साली, जेमतेम वर्ष झालं होतं आणि मला चादरींचं भारी कौतुक होतं. पण बाईंचा चेहरा पाहिला आणि चादरीचा नाद सोडला.

त्यांचे गुडघे नुकतेच झिजायला लागले होते. चालणं जमे, पण खाली बसून उठायचं म्हटलं की जीव जाई. आणि खाली तर बसायलाच हवं होतं. लेक साधना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात दुसरी बाईमाणूस नाही, मग लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ कोण घालणार?

"शेजारणीच्या पायावर निजवू व्हय माझं नातवंड?" गोजरबाईंनी मलाच दटावून विचारलं.

मी मशीन दाखवलं. साबणाच्या वडीएवढं, दोन वायरी आणि टोकांना चिकटपट्ट्या. "मावशी, हे सेलवर चालतं, भिंतीतल्या लाइटवर नाही. नुसत्या मुंग्या येतील. त्या मुंग्यांमुळे दुखणं डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. झीज भरून येत नाही, पण कळ दबते. मग व्यायाम करता येतो."

"करंट तो करंटच की."

सोबत आलेली साधना हळूच म्हणाली, "आमचे बापू विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला चिकटून गेले, मॅडम. मी तवा रांगत होते. त्या दिशी ते अनवाणी होते. तवापासून माय चपलेबिगर लाइटचं बटन बी दाबत न्हाई."

चपला राहू दिल्या. पट्ट्या चिकटवल्या आणि बटण अगदी सावकाश फिरवलं. गोजरबाईंनी डोळे गच्च मिटले होते. थोड्या वेळानं एक उघडला.

"अगं, मुंग्याच हायेत की!"

साधनाला हसू फुटलं आणि तिनं सहज आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हात लावू नको!" गोजरबाई किंचाळल्या. "पोटुशी हायेस, चिकटशील!"

साधना दचकली, पण हात जागीच राहिला. काहीच झालं नाही. गोजरबाई त्या हाताकडे बघतच राहिल्या. मशीन माझं, त्यातलं सगळं मला ठाऊक, तरी माझाही हात बटणाकडे गेला.

"मला बी असंच म्हणले समदे," त्या बोलल्या. "हात लावू नको, चिकटशील. दोघा दिरांनी दाबून धरलं. तुझा बाप समोर पडलेला, अन् मला त्याचा हात बी धरू दिला न्हाई."

दिरांनी केलं ते बरोबरच होतं. हे गोजरबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. पंखा थांबला, ट्यूबलाइट गेली. मशीनवरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता.

"लाइट गेली तरी मुंग्या येऊनच राहिल्या," गोजरबाई नवलानं म्हणाल्या. त्यांनी गुडघा जरा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "अन् दुखणं कुठं गेलं गं?"

"पुन्हा येईल, मावशी. पण आता व्यायाम शिकवते तो रोज करा. उठताना भिंतीला धरायचं."

"न्हाऊ घालता येईल?"

"येईल."

मशीन बंद करायला मी हात पुढे केला.

"थांबा, बाई."

त्यांनी एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग राहिलेली. दोन्ही पलंगाखाली पडल्या. साधनाचा हात अजून गुडघ्यावरच होता. त्यावर त्यांनी आपला हात ठेवला.

"दुखत न्हाई आता," त्या म्हणाल्या. "पर थोडा वेळ चालूच राहू द्या."