नानांनी न लिहिलेली शाबासकी

मेहरूणच्या केळी उत्पादक कंपनीत कामिनीला अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात अध्यक्ष पितांबरनानांनी तिच्या कौतुकाचा एक शब्द काढला असेल तर शपथ. नाना मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांची तऱ्हाच न्यारी: मेल पाठवला की लगेच फोन करायचे आणि तोच मेल सबंध वाचून दाखवायचे. नुसतं 'पोचला का' विचारून भागलं असतं, पण नाही.

मंगळवारी दुपारी डबा खाऊन ती खुर्चीत बसते न बसते तोच नानांचा मेल आला. 'कामिनीताई, तुमच्यासारखी विश्वासू व्यक्ती लाभली हे कंपनीचं भाग्य. सर्व सभासदांची आधार कार्डं आणि पासबुकाच्या प्रती अर्ध्या तासात पाठवा. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नये.'

बाई हरखली. दोनदा वाचलं. संध्याकाळी नवऱ्याला कसं ऐकवायचं तेही ठरवून टाकलं. चारशे शेतकऱ्यांनी तिच्या भरवशावर दिलेले कागद एका फाइलमध्ये होते, ती फाइल जोडलीसुद्धा. आता नाना वाचून दाखवतील, मग पाठवू, म्हणून सवयीनं ती फोनकडे बघत बसली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन काही वाजेना. तिनं मेल पुन्हा नीट पाहिला. वर नाव नानांचं, खाली पत्ता मात्र भलत्याच कुणाचा. तिनं फाइल काढून टाकली आणि स्वतःच नानांना फोन लावला.

"नाना, मीटिंगमध्ये आहात?"

"कसानी मीटिंग? मी बागमा शे."

तिनं सगळं सांगितलं.

"फाइल गयी का?"

"नाही. तुमचा फोन आला नाही, म्हणून थांबले." मग नको ते तोंडून गेलंच. "आणि त्यात माझं कौतुक होतं. तुम्ही कधी करत नाही."

पलीकडे नाना खाकरले.

"मेल खोटा शे, पोरी. पन तुनाबद्दल जे लिखेल शे, ते खोटं नही."

कामिनीला हुंदका आवरेना. एवढं ऐकायला अकरा वर्षं लागली, याचा रागही आला आणि नानांची मायाही आली.

"रडू नको," नाना म्हणाले. "तो मेल पुसू नको, सायबर पोलिसले दखाडू. तू बठ्ठा चारशे सभासदसले सावध कर. आनि चोरना हातमाईन कागद कोनी वाचाडात, ते मी त्यासले सांगसू."