वेणीदान

आरशाला तोंड असतं तर त्यानेच आपल्या लेकाला, दिग्विजयला, हाकलून दिलं असतं, असं गिरजाबाईंचं स्पष्ट मत होतं. कंपनीची बस पकडायची सोडून हा पठ्ठ्या आरशासमोर उभा राहणार, कपाळावरून मागे सरकलेले केस बोटांनी पुढे ओढणार आणि मग सगळा राग बायकोवर, पूनमवर काढणार. आधी चहा गार म्हणून, मग भाजी खारट म्हणून, आणि अलीकडे तर सरळच, "तुझी वेणी एवढी जाड कशी गं?" वेणी जाड असणं हा काय गुन्हा झाला? पण बिचारी सून दार लावून केस विंचरायला लागली होती.

रविवारी लेकाने दोघींना संत तुकाराम नगरातून रिक्षाने पुनावळ्याच्या एका मंगल कार्यालयात नेलं. "जटानंद महाराजांचं दर्शन आहे," एवढंच म्हणाला.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. चाकणच्या कारखान्यांतली तरणी पोरं टोप्या मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी त्यांच्या बायका. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर कपाळापर्यंत ओढले होते. पदराखाली ना अंबाडा, ना वेणी.

महाराज कमरेपर्यंत जटा सोडून स्टेजवर आले. माइक हातात, डोळे अर्धे मिटलेले.

"बोला भक्तांनो, केस कधी गेले? लग्नाआधी की लग्नानंतर?"

"नंतर!" सगळा हॉल ओरडला.

"पाणी तेच, तेल तेच, हेल्मेट तेच. मग बदललं काय? घरात लक्ष्मी आली! परमेश्वराने जोडप्याला सत्त्वाची एकच घागर दिली आहे. लक्ष्मी जास्त प्यायली, नारायण कोरडा राहिला! उपाय एकच. वेणीदान!"

"मग ह्यांच्या दाढ्या कशा वाढत्यात?" गिरजाबाई शेजारणीला म्हणाल्या. "दाढीला येगळी घागर हाय व्हय?"

शेजारीण हसली नाही. तिच्याही पदराखाली काही नव्हतं.

मग विक्की नावाच्या पोराला पुढे आणलं. मागच्या पडद्यावर त्याचा जुना फोटो, डोकं काचेसारखं. आणि समोर उभा विक्की, कपाळावर काळाभोर झुपका. शिट्ट्या वाजल्या. "काय केस आलेत भावा!" म्हणत एकाने तर डोळे पुसले. तेवढ्यात दिग्विजयने पूनमचा हात धरला आणि उठला.

"दिग्या, खाली बस."

"आई, तू मध्ये पडू नको. कंपनीत पोरं मला काका म्हणतात, काका!"

"म्हणू दे की! काका झाल्यानं मरतंय का कोन?"

पूनम सासूकडे वळली. "जाऊ द्या आत्याबाई. रोजच्या बोलण्यापेक्षा हे बरं."

दिग्विजयने तिला स्टेजवर कात्रीखाली उभं केलं. गच्च वेणी एका झटक्यात कापली जात नाही. कात्री दोनदा अडली. पूनम रडली नाही. तिचा हात फक्त मानेमागे गेला, तिथे काही सापडलं नाही तसा परत आला.

महाराजांनी म्हातारीचं तोंड पाहिलं असावं. "माउली, कोप नको! विक्की, माउलींच्या पाया पड."

विक्की खाली उतरला आणि वाकला. राग कितीही असो, पायाशी वाकलेल्या लेकराच्या डोक्यावर हात जातोच. गिरजाबाईंचाही गेला. आणि तिथेच थांबला. जन्मभर साड्यांना फॉल लावलेली बोटं ती. केसांखाली जाळी लागली, जाळीला शिवण लागली.

"पोरा, तुझ्या टाळूला काठ कसा रं?"

विक्की उठायला बघत होता. गिरजाबाईंनी सोडलं नाही. चिकटपट्टी उपटावी तसा आवाज झाला आणि अख्खा झुपका त्यांच्या मुठीत आला. खाली तीच काच, वर गोंदाने उठलेले लाल चट्टे. विक्कीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"आजी, माझी नोकरी गेली होती ओ," एवढंच तो बोलला.

"माया आहे! परीक्षा आहे!" महाराज ओरडले, पण माइक कुणीतरी ओढून घेतला होता. पडद्यामागे गोण्या निघाल्या. आत वेण्या, लांबीप्रमाणे लावून रबरात बांधलेल्या, केसांचे टोप करणाऱ्यांना विकायला तयार. कुणा एकीची वेणी विक्कीच्या डोक्यावर बसून दुसरीला कात्रीखाली आणत होती. एवढाच चमत्कार.

कुणीतरी फोन लावला, पोलीस आले आणि महाराजांना घेऊन गेले. बायका मात्र गोण्यांपाशी बसून आपापली वेणी शोधत राहिल्या. सापडली तिला कळेना, आता हिचं करायचं काय.

पूनम त्याच संध्याकाळी बॅग भरून माहेरी गेली. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंनी लेकाला दंडाला धरून त्वचेच्या डॉक्टर स्वरूपाबाईंकडे नेलं. दिग्विजय अजून तेच धरून बसला होता. "पण मॅडम, लग्नानंतरच गेले ना केस?"

"पुरुषांचे केस जायला पुष्कळदा विशी-पंचविशीत सुरुवात होते," डॉक्टर म्हणाल्या. "लग्नंही त्याच वयात होतात. तुमच्या बिनलग्नाच्या मित्रांच्या टोप्या काढून बघा, तिथंही हेच दिसेल. पुरुषाच्या अंगातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ते सगळ्यांतच असतं. पण काहींच्या कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं त्याला जास्त संवेदनशील असतात. ती हळूहळू बारीक होतात, केस पातळ होतो, मग दिसेनासा होतो. मागची मुळं बहुधा टिकतात. आणि दाढी तर त्याच संप्रेरकाने वाढते."

"मंजी मामाकडून आलं का?" गिरजाबाईंनी विचारलं. "लोक तसंच म्हणत्यात."

"आईकडून येतं, बापाकडूनही येतं. एक नाही, पुष्कळ जनुकं असतात. बायकोकडून मात्र काही येत नाही. औषधं आहेत, तपासून देते. गळणं कमी होईल, काही केस परत येतील, सगळे येतील असं मी सांगणार नाही."

इतकी साधी गोष्ट. पण ती विचारायला डॉक्टरची पायरी चढावी लागते, आणि हॉलभर माणसांत एकाने तरी उठून म्हणावं लागतं, महाराज, हे कशावरून? दोन गोष्टी एका वयात घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असं होत नाही. आपलं दुःख कुणी घरातल्या बाईच्या माथी मारून दाखवलं, की तिथूनच उठावं.

दिग्विजय खाली मान घालून बसला होता. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, दार उघडं. गिरजाबाईंनी आवाज कमी केला नाही.

"केस गेलं ते तुझ्या हातात नव्हतं, दिग्विजय. ते माझ्याकडून आलं, तुझ्या बापाकडून आलं, त्याला तू काय करशील? पण हॉलभर मानसांत बायकोला हाताला धरून कात्रीखाली उभं केलंस, ते तुला कुनाच्या रक्तातून आलं न्हाई. ते तू केलंस. पूनम परत यायची का न्हाई ते पूनम ठरवील. मी तिला 'ये' म्हनायला जानार न्हाई."