झाकण उघडलं की नेट

“बाबा, या नव्या लॅपटॉपला काही लावायचंच नसतं. झाकण उघडलं की नेट सुरू,” मुलगी फोनवर म्हणाली.

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर ठेवला. “आणि सिम कुठे घालायचं?”

“सिमच नाही. सगळं आतच बसवून येतं. ऑफिसने आम्हा सगळ्यांना हेच दिलंय.”

“बंद पडलं तर?”

“पडत नाही हो.”

संपलं. दीड मिनिटात फोन बंद.

वीस वर्षं मी लॅपटॉप दुरुस्त करतोय. पुढे काय येणार ते मला कोणी शिकवायला नको. डोंगल गेलं, आता सिमही चाललं. उद्या प्रत्येक लॅपटॉप जन्मतःच नेटला जोडलेला येईल. येऊ दे बापडा, धंद्याचं मी बघून घेईन. पण त्यानंतर लेकीचा फोन येईना, त्याचं काय करायचं?

कारण आमचं बोलणं म्हणजे नेटच. तिला लांब नोकरी लागली तेव्हा जुन्या लॅपटॉपमध्ये मी माझ्या हाताने सिम घालायचं नेट-कार्ड आत बसवून दिलं होतं. कामाचं तिचं ऑफिसात भागायचं, हे घरी वापरायला. ते कार्ड पहिल्या दिवसापासून रडतखडत चाले. मग दर रविवारी फोन. बाबा, सिग्नलची एकच काडी दिसतेय. खिडकीत बस. बसले. आता जिन्यात जा. गेले. तेवढ्यात जिन्यातली शेजारीण काय म्हणाली, अंगात कणकण होती ती गेली का, जेवलीस का, सगळं निघायचं. अर्धा तास कुठे जायचा कळायचं नाही. तुझी आठवण येते असं सरळ म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. काड्या किती आहेत, एवढं विचारता येतं.

नवं मशीन आल्यापासून पाच रविवार कोरडे गेले.

“मग तुम्ही करा की फोन,” बायको म्हणाली.

“आणि बोलू काय?”

“पोटची पोर आहे ती, गिऱ्हाईक नाही.”

तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला.

सहाव्या आठवड्यात जुना लॅपटॉप पार्सलने परत आला. दुकानात खोलला आणि दिवा जवळ ओढला. नेट-कार्डाला दोन वायरी असतात, पडद्यामागच्या अँटेनाकडून आलेल्या. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी टोपी. टक्क आवाज येईपर्यंत ती दाबायची, नाहीतर बसल्यासारखी दिसते पण बसत नाही. यातली मुख्य वायर सुटून चिकटपट्टीखाली पडलेली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची अक्कल काढली असती. तीन वर्षं माझी पोर माझ्यापायी जिन्यात बसली.

मग स्क्रू पाहिले. काम झालं की मी त्यांवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावतो, मागून कोणी उघडलं तर कळावं म्हणून. सगळे ठिपके तडकलेले होते.

तसाच तिला फोन लावला. “मधे कोणी खोलला होता का गं हा?”

“इथल्या एका मेकॅनिकने. दोन वर्षं झाली. वायर सुटलीये म्हणाला, लावू का विचारलं.”

“मग?”

“मी नको म्हटलं.”

“वेडी आहेस का तू? एका बोटाचं काम होतं ते.”

“मग तुम्हाला फोन कशासाठी केला असता, बाबा?”

मी स्टूल ओढून खाली बसलो. म्हणायचं होतं की ये, काही बिघडलेलं नसताना ये, नुसतीच ये. तोंडातून निघालं ते भलतंच.

“नवं मशीन गरम होतं का?”

त्या मशीनला पंखासुद्धा नसतो. तासन्‌तास चालवलं तरी हाताला गार लागतं. हे मला ठाऊक होतं, आणि रोज वापरणाऱ्या तिलाही.

“होतं थोडं,” ती म्हणाली.

“कुठल्या बाजूला?”

“थांबा, खुर्ची घेते.”