बादलीवरचं झाकण

"वहिनी, बादलीवर झाकण ठेवा ना, प्लीज."

चंद्रप्रभेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाकून बादलीतली रेघ बघितली आणि तक्त्यावर लिहिलं : दोन वाजता, साडेतीन लिटर. कॉलऱ्याच्या खाटेला मधोमध भोक असतं आणि खाली बादली. दिल्लीच्या या इस्पितळात एकवीस वर्षं ती या बादल्या मोजत होती. आज खाटेवर तिची धाकटी जाऊ होती, डॉक्टर अलकनंदा. बादली रिकामी करून तिने तशीच परत ठेवली. राहू दे उघडी, चंद्रप्रभेच्या मनात आलं. बघू दे जरा.

जळत होती ती. सरळ सांगायचं तर अलकनंदा घरात आल्यापासून सात वर्षं जळत होती. अलकनंदा प्रयोगशाळेत सशाच्या आतड्याला गाठी मारून त्यात कॉलऱ्याचं विष टोचायची आणि किती पाणी साठतं ते मोजायची. गेल्या गणपतीत मंडळात तिचं भाषण झालं. "हा जंतू आतड्याला साधा ओरखडाही काढत नाही. त्याचं विष पेशीला खोटा निरोप देतं, की मीठ बाहेर सोड. मीठ निघालं की पाणी त्याच्या मागे धावतं." काय टाळ्या पडल्या! सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमची अलका हो!" तिसऱ्या रांगेत चंद्रप्रभेच्या अंगाचा तिळपापड झाला. सशाचं पाणी मोजलं की शास्त्रज्ञ, माणसाचं मोजलं की नर्स. वा रे न्याय!

आणि आज हरतालिका. सकाळीच सासूबाईंचा वॉर्डात फोन. "प्रभा, तू चहा घेतला असशीलच. आमची अलका बघ, एवढी शिकलेली, पण पाण्याचा थेंब नाही."

अकराला दिराने त्याच अलकाला टॅक्सीतून आणलं. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली, नाडी लागेना.

"सिस्टर, वेन नहीं मिल रही," नवा डॉक्टर घामाघूम झाला होता.

"हटिये," म्हणत चंद्रप्रभेने शीर शोधली. पहिल्याच टोचण्यात सलाईन सुरू झालं. ड्यूटी दोनला संपली, तरी ती घरी गेली नाही.

"जुलाब कधीपासून?" आता तिने विचारलं.

"पहाटेपासून."

"आणि पाणी?"

अलकनंदाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"अगं, जेवढं जातं तेवढं पाजा म्हणून तूच गावभर सांगतेस ना? मीठ-साखरेचं पाणी? डोकं फिरलं होतं का तुझं?"

"सगळं कळत होतं, वहिनी. पण आई सकाळपासून इतक्या खूश होत्या." तिचा आवाज पार बसला होता. "त्यांचं कमरेचं हाड मोडलं, तुम्ही दोन महिने केलंत. तेव्हापासून आमच्याकडे रोज एकच. हात असावा तर प्रभाचा. मी साधी उशी सरकवली तरी, प्रभा अशी नाही सरकवायची. म्हटलं, एक दिवस तरी तुमच्यापुढे जाईन."

चंद्रप्रभा पेला धरून उभीच राहिली. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. रागवावं की हसावं तेही कळेना.

"पी आधी," ती म्हणाली आणि मानेखाली हात घालून मीठ-साखरेचं पाणी तिच्या ओठांना लावलं. अलकनंदा घोट घोट करत सगळा पेला प्याली.

सहाच्या सुमाराला बाहेर सासूबाईंचा आवाज आला. चंद्रप्रभा चटकन वाकली, बादलीवर झाकण बसवलं, चादरीचं टोक खाली ओढलं, आणि मगच दार उघडलं.

सासूबाई नाकाला पदर लावूनच आत आल्या. "अलका, बाळा! पाणी नाही ना घेतलंस? व्रत मोडलं नाही ना?"

अलकनंदाने घाबरून वहिनीकडे बघितलं.

"नाही, आई," चंद्रप्रभा म्हणाली. "सगळं शिरेतून चाललंय. तोंडाला थेंब लावला नाही तिने."

"बघ! शिक जरा तिच्याकडून."

"हो, आई."

बादली उचलून ती बाहेर गेली. मोरीपाशी झाकण काढून रेघ बघितली आणि लिहिलं : सहा वाजता, दोन लिटर. कमी होत होतं. हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. तिने बादली रिकामी केली, फिनेलने घासली, आणि झाकणासकट परत खाटेखाली नेऊन ठेवली.