हिने शिवलेले शब्द

आमची ही कपड्यांच्या कारखान्यात कापणीला होती. टेबलावर कापड पसरायचं, त्यावर कागदी नमुने मांडायचे, खडूने आखायचं आणि कापायचं. बाहेरदेशच्या ऑर्डरबरोबर इंग्रजीत लिहिलेला एक सूचनांचा कागद येई. तो वाचून त्याप्रमाणे कापणं ही हिची जबाबदारी. शाळा सातवीत सुटलेली. तरी सव्वीस वर्षं तिने हे काम केलं आणि पहिलं वर्ष सोडलं तर वीतभर कापडसुद्धा वाया घालवलं नाही.

पहिल्या वर्षी वाया गेलं ते माझ्यामुळे. मी बसडेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवायचो. दहावीपर्यंत शिकलेला, इंग्रजी वाचता येई आणि त्याचा मला ताठा होता. एकदा मखमलीच्या कोटांची ऑर्डर आली. कागदावर 'नॅप' असा शब्द होता. हिने घरी येऊन मला विचारलं. मी लगेच म्हटलं, "नॅप म्हणजे डुलकी. कापायच्या आधी कापड जरा पडू द्यायचं असेल."

हिने मखमल दोन दिवस टेबलावर पसरून ठेवली. मग कापड वाचावं म्हणून तुकडे उलटसुलट बसवून कापले. नॅप म्हणजे कापडावरची लव आणि सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापायचे असतात, हे कोट शिवून झाल्यावर कळलं. एक बाही काळी दिसे, दुसरी करडी.

कारखान्याचे मास्तर हिला म्हणाले, "झोप झाली का कापडाची? पांघरूण घातलं होतंत ना?"

ही मला एका शब्दाने बोलली नाही. पण त्यानंतर तिने मला कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारला नाही. तिने स्वतःचा नियम केला. ज्याच्या हाताला ते काम आहे त्यालाच विचारायचं, आणि वस्तू बघितल्याशिवाय शब्द आला असं म्हणायचं नाही. 'गोअर' शब्द अडला तेव्हा ती छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. छत्रीचा एकेक तिकोनी तुकडा म्हणजे गोअर, आणि घेरदार झग्याची कळी म्हणजेही गोअर. डिक्शनरीत त्याचा अर्थ साकळलेलं रक्त असा आहे. हे मी नंतर गुपचूप पाहिलं. 'स्टे' शब्दासाठी कंबरेचे पट्टे बनवणाऱ्याच्या दुकानात तासभर उभी राहिली. त्याने पट्ट्यातली कडक पट्टी काढून तिच्या हातात दिली. "हिच्यामुळे पट्टा वाकत नाही, ताई. थांब म्हणते ती त्याला."

शब्द कळला की ती त्याचा एक तुकडा शिवे. तळहाताएवढा. पुढून ती वस्तू आणि मागून कागदावरून बघून, दोऱ्याने काढलेली इंग्रजी अक्षरं. असे तुकडे ती एका पिशवीत ठेवी.

धाकटी म्हणजे माझ्या भावाची बायको. तीही त्याच कारखान्यात, काज करायच्या मशीनवर. आजारी पडल्यावर हिने वर्षभर धाकटीला शिकवलं. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "माझ्या टेबलावर धाकटीच उभी राहिली पाहिजे. तेवढं बघा."

हिला जाऊन दोन महिने झाले आणि मास्तरांचा निरोप आला. मोठ्या ऑफिसातून तपासणीला बाई येणार, चार जणांची परीक्षा घेणार, त्यातून एकाला कापणीला घेणार. धाकटी सोडून तिघेही बाहेरचे होते आणि इंग्रजी शिकलेले.

दुपारी धाकटी घरी आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, मी नाही बसत परीक्षेला. ताई गेल्या तसं माझ्या डोक्यातलं सगळं गेलं."

"आत तर ये."

"आत येऊन काय होणार? एबीसीडी वाचता येते मला, अर्थ कुठे येतात?"

मी कपाटातून पिशवी काढली. इतकी वर्षं मी तिला हात लावला नव्हता. मखमलीच्या गोष्टीनंतर तोंडच नव्हतं मला. पिशवी पलंगावर उलटी केली आणि बघतच राहिलो. एका तुकड्यावर दोन पट्ट्या जोडल्या होत्या. वरच्या पट्टीची मोकळी कड खालच्यापेक्षा बोटभर जास्त लांब, तरी शिवणीवर दोन्हींची टोकं बरोबर जुळत होती आणि एक चुणी नव्हती. जास्तीचं कापड कुठे गेलं ते मला शोधून सापडेना. उलटं केलं. मागे 'ईझ' काढलं होतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"ईझ. बाही खांद्याच्या भोकापेक्षा मोठीच कापायची असते. मग ते जास्तीचं सगळ्या शिवणीत थोडं थोडं जिरवायचं, दिसू न देता." धाकटीने तुकडा हातात घेतला. "ताईंनी हा सात वेळा उसवला होता."

"आणि म्हणे अर्थ येत नाहीत!"

ती हसली, मग डोळे पुसले. मीही पुसले. मग आम्ही कामाला लागलो. रोज दुपारी ती यायची. मी कागदावर मोठ्या अक्षरात शब्द लिहायचा, तिने वाचायचा आणि न बघता पिशवीत हात घालून तो तुकडा बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी पाच चुकले, चौथ्या दिवशी एक. नंतर एकही नाही. 'फ्लाय' लिहिलं की पँटच्या पुढची पट्टी बाहेर यायची.

"याचा अर्थ माशी पण होतो," मी एकदा म्हटलं.

"माशी बसेल तेव्हा बघू. आता पुढचा लिहा."

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी मला कोपऱ्यात स्टूल दिलं. "बसा. पण तोंड उघडायचं नाही. झोपेबद्दल तर मुळीच नाही."

तपासणीच्या बाईंनी धाकटीच्या हातात सूचनांचा कागद दिला. धाकटी अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचत होती. प्रत्येक शब्दाला टेबलावरच्या कापडावर दाखवत होती, इथे लव अशी, इथे आडवं नको, तिरकं धरायचं. बाई मान हलवत होत्या. सातव्या ओळीवर धाकटी थांबली.

"हँड," तिने वाचलं. मग परत वाचलं.

तिने माझ्याकडे बघितलं. पिशवीत हा तुकडा नव्हता. हँड म्हणजे हात हे मला येत होतं आणि ओठावर आलं होतं. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं.

"मला नाही माहीत," धाकटी म्हणाली.

"हँड माहीत नाही?" बाई म्हणाल्या. "लहान मुलांनाही येतो."

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. हिचं टेबल गेलं.

"तो हात मला येतो, बाई," धाकटी म्हणाली. "पण कापडाच्या कागदावर हात कशाला लिहितील? हे काहीतरी दुसरं असणार. ज्या कापडाबद्दल लिहिलंय ते मला दाखवा. हाताला लागल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि कापणार तर नाहीच."

बाईंनी कागद खाली ठेवला. कपाटातून दोन कापडं आणून तिच्यासमोर टाकली. दोन्ही निळीच, दिसायला सारखी. धाकटीने डोळे मिटले. एक कापड चुरगळून मुठीत धरलं, सोडलं, दुसरं धरलं. अंगठ्याने चोळलं. आमची ही असंच करायची. मी शंभर वेळा बघितलं होतं आणि मला वाटायचं, बाजारात बायका करतात तसं काहीतरी.

"हे मुठीत भरतं," ती म्हणाली. "हे निसटून जातं. कापड हाताला कसं लागतं, ते आहे का हे?"

"तेच," बाई म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "सकाळपासून तीन जणांना विचारलं. दोघे म्हणाले हाताने शिवायचं. तिसरा म्हणाला या ऑर्डरला मशीन चालणार नाही. उलट मला विचारलं कोणीच नाही." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "सोमवारपासून ह्या कापणीच्या टेबलावर उभ्या राहतील."

मास्तर मोठ्याने हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. धाकटीने मात्र कोणाकडे बघितलं नाही. तिचं बोट अजून सातव्या ओळीवरच होतं.

"झालं की आता," मास्तर म्हणाले. "घरी जा, सगळ्यांना सांग."

"अजून चार ओळी राहिल्यात," धाकटी म्हणाली, आणि आठवी वाचायला लागली.