बेरिंगच्या घरातले सात ठिपके

"बेरिंग थंड असताना नुसत्या हाताने आत सरकलं ना फिल, की तिथेच थांबायचं. पुढचा एकही बोल्ट लावायचा नाही."

इंजिन उघडलं की माझा नवरा कॉन दर वेळी हे बजावायचा. मी बॅटरी धरून उभी असायचे आणि मनातल्या मनात रोझरीची माळ जपत असायचे, म्हणून त्याला वाटायचं माझं लक्ष नाही. लक्ष असायचं. त्याला जाऊन चार वर्षं झाली. मंगळवारी आमची क्वाड, म्हणजे चारचाकी फटफटी, घरघरायला लागली आणि या वेळी पहिल्यांदाच इंजिन मी एकटीने उघडलं होतं.

शनिवारची सकाळ होती. इंजिनाच्या केसिंगचे दोन्ही अर्धे मी पाव भाजायच्या ओव्हनमध्ये तापवले. क्रँकची नवी बेरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये मटणाशेजारी ठेवलेली होती. तापलेल्या घरात, म्हणजे केसिंगमधल्या त्याच्या गोल खोबणीत, गार बेरिंग सोडलं की ते टप्पकन आपणच बसतं. मग घर निवतं, आवळतं, आणि बेरिंग जागचं हलत नाही. दोन्ही तशीच बसली. एप्रनला हात पुसून मी माळ घेऊन खिडकीशी बसले. माळ पुरी झाल्याशिवाय चहाचा घोटही घ्यायचा नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम आहे.

माळ झाली. चहाचं आधण ठेवलं आणि डावा अर्धा उचलून पाहिला. बेरिंग घट्ट. उजवा उचलला, तर बेरिंग घरंगळून टेबलावर पडलं आणि लोण्याच्या बशीवर जाऊन आदळलं.

मी तिथेच खुर्चीत बसले.

तेवढ्यात फोन वाजला. नोलाचा. नोला म्हणजे कॉनची थोरली बहीण. खोऱ्याच्या वरच्या टोकाला एकटी राहते. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, पण घर सोडायला तयार नाही.

"फिल, उद्या रविवार ना गं?"

"उद्याच."

"मग बरोबर आहे. मला वाटलं माझा एखादा दिवस गळला. ती फटफटी झाली का दुरुस्त?"

"होतेय."

"होतेय म्हणजे नाही झाली. माझ्यासाठी जीव काढू नकोस. नाही जमलं तर नाही." मग म्हणाली, "पण तू नाही आलीस तर मला रविवार कळणार कसा?"

दर रविवारी मिस्सा झाली की फादर पवित्र कम्युनियनची, म्हणजे प्रसादाच्या भाकरीची, डबी माझ्या हातात देतात आणि मी ती नोलाकडे नेते. कॉनला शेवटच्या दुखण्यात तसं वचन दिलं होतं, आणि चार वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. वाट जुन्या लाकूडगाड्यांच्या रुळांची, मधे ओढ्यावर अरुंद पूल. हल्लीच्या रुंद गाड्या त्या पुलात शिरतच नाहीत. आमची जुनी टू-स्ट्रोक क्वाड तेवढी, दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून, पार होते. पायी जायचं तर तीन तास, आणि माझा गुडघा चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा कुरकुरतो.

चष्मा लावून मी ते रिकामं घर उजेडात धरलं. आतल्या गोलाईवर बारीक ठिपके होते, ओळीने सात. कुणीतरी पंच, म्हणजे जाड खिळ्यासारखं हत्यार, ठोकून धातू वर उचलला होता, म्हणजे सैल बेरिंग अडकून बसावं. अशा कामाला कॉन कसाबकाम म्हणायचा. "चार महिने धरेल आणि पाचव्या महिन्यात घर खाऊन टाकेल." आमच्याकडे कुणी असं इंजिन घेऊन आलं, तर तो बिचारा संध्याकाळपर्यंत बोलणी खायचा.

ठिपके गोल नव्हते. प्रत्येकाची एक कड कापलेली, अर्ध्या चंद्रासारखी. मी कॉनचा खण उघडला. त्याच्या पंचाचं टोक एका बाजूला उडालेलं आहे. त्याच्या प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर त्याने खुणेसाठी ठोकलेला तोच अर्धा चंद्र आहे.

राग आला, खोटं कशाला बोलू. मग आठवलं. पुराचं वर्ष. नोलाचा नवरा शेवटच्या घटका मोजत होता. तेव्हाही शनिवार होता आणि हेच इंजिन टेबलावर उघडं पडलं होतं. दुपारी कॉनने मला देवाला फुलं आणायला बागेत पाठवलं, मी नको नको म्हणत असताना. परतले तोवर इंजिन मिटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो फादरना शेवटच्या संस्कारासाठी मागे बसवून वर घेऊन गेला. ते वेळेवर पोचले, आणि ते सात ठिपके कसे कोण जाणे इतकी वर्षं टिकले. थांबायचं, पुढचा बोल्ट लावायचा नाही, हे त्याचं बजावणं त्यानंतरच सुरू झालं होतं.

पंच हातातच होता. आणखी सात ठिपके ठोकले असते, तर उद्याचा रविवार निभला असता. परवाचं कोण पाहतो? मी पंच खणात ठेवला आणि टिपेनेला फोन लावला.

टिपेनेचं लेथचं दुकान गावात आहे. मी पोचले तेव्हा तो उकडलेले शिंपले खात बसला होता.

"ये आंटी फिल! ओव्हनमधून काही आणलंस का?"

"आणलंय. पण चावायला जड जाईल."

त्याने केसिंग उजेडाकडे वळवलं आणि त्याची भुवई वर गेली. "हे कुठल्या कसायाचं काम?"

"तुझ्या कॉन अंकलचं."

टिपेने मग जो हसत सुटला, तो पालथ्या बादलीवर बसकण मारूनच थांबला. "याच्यावरून त्या म्हाताऱ्याने माझा कान पिळला होता, आंटी! कान! मी तेवीस वर्षांचा बाप्या, लग्न झालेला!"

"मग आता तुझा हिशेब फिटला. घर गेलं का ते सांग."

हसू पुसत त्याने आधी बेरिंग मोजलं, मग घर, दोनदा. मी खिशातली माळ घट्ट धरली होती.

"गेलं नाही," तो म्हणाला. "केसाच्या जाडीइतकंही सैल नाही. खरं काम म्हणजे घर कापून आत बुश, धातूचं नवं कडं, बसवायचा. आठवडा लागेल. पण उद्यासाठी हा डिंक चालेल." त्याने हिरव्या द्रवाची छोटी बाटली पुढे केली. "ठिपक्यांचे उंचवटे बारीक कानशीने काढ. स्पिरिटने पूस. मग पुन्हा पूस. तेलाचा वास जरी राहिला तरी हा धरत नाही. बाहेरच्या कडेलाच लाव, गोळ्यांत जाऊ देऊ नकोस. दुपारी इंजिन जोड, उद्या दुपारपर्यंत सुरू करू नकोस."

"आणि हे नवं बेरिंग हातात जरा खुळखुळतंय ते?"

"ते तसंच असतं. तापलं की जागेवर येतं. माझ्यासारखं." मग गंभीर होऊन म्हणाला, "गाई विण्याचा हंगाम सरला, माझी गर्दी ओसरली, की इंजिन घेऊन ये. बुश बसवू. शब्द दे."

"दिला."

घरी येऊन उंचवटे काढले आणि मी चारदा पुसलं. स्पिरिटने डोळ्यांत पाणी आलं तरी पाचव्यांदा पुसलं, मग डिंक लावला आणि इंजिन जोडून क्वाडवर चढवलं.

रविवारी मिस्सा करून आले. घड्याळात बारा वाजेपर्यंत थांबले, मग दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला निळा धूर आला आणि इंजिन बोलू लागलं. दहा मिनिटं अंगणातच सावकाश फिरवलं. मंगळवारची ती घरघर कुठेच नव्हती. बंद करून झाकण काढलं, फ्लायव्हील, क्रँकच्या टोकाचं जड चाक, दोन्ही हातांनी धरलं आणि वर-खाली हलवून पाहिलं. कणभरही हललं नाही. पुन्हा हलवलं. नाहीच. मी एकटीच अंगणात मोठ्याने हसले. शेजाऱ्याच्या गाईने मान वर करून पाहिलं.

झाकण लावलं. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून बटण लावलं, मागच्या जाळीत पाव आणि नोलाचं आठवड्याचं सामान बांधलं. मग इंजिन सुरू केलं आणि फार जोर न देता पुलाच्या वाटेला लागले.